मुंगीचे दोन आरसे आणि माझं धरण

१ फेब्रुवारी, रविवार. सकाळी ११.३०

आजपासून रोजनिशी. कुणाला दाखवायला नाही, माझ्यापुरती. थोरामोठ्यांच्या मागे कागदपत्रं राहतात, आपल्यामागे निदान एक वही राहावी. वही ऑफिसातली. नुसती पडून होती. तिथे मीही नुसता पडून असतो, पण ते असो.

आजची घटना : मुंगीने शाळेची सूचना आणली. मुंगी म्हणजे माझी मुलगी. सहावीत आहे. चालणं हळू, बोलणं त्याहून हळू, म्हणून मुंगी. २१ तारखेला विज्ञान प्रदर्शन. घरातल्या वस्तूंपासून साधं मॉडेल करायचं आणि परीक्षकांना स्वतः समजावून सांगायचं. खाली पालकांची सही. मी 'पाहिले' लिहून सही ठोकली. सोळा वर्षांची सवय आहे. कागद समोर आला की हात आपोआप चालतो, डोळ्यांना तसदी पडत नाही. मागच्या बाजूलाही काही छापलं होतं. काय असणार, नियमबियम.

सौ. म्हणाली, यंदा महत्त्वाचं आहे. गेल्या वर्षी परीक्षक समोर आले आणि मुंगी बुटांकडे बघत उभी राहिली. एक शब्द नाही. ते पुढे निघून गेले. ही घरी येऊन दोन दिवस गप्प. यंदा वर्गाच्या बाईंनी तिला स्वतंत्र टेबल दिलंय, पण बजावलंय की या वेळीही तोंड उघडलं नाही तर पुढच्या वर्षी टेबल दुसऱ्या कुणाला.

मुंगीला पेरिस्कोप करायचा आहे. टूथपेस्टची दोन खोकी, दोन छोटे आरसे. भिंतीआडचं दिसतं म्हणे. मी विचारलं, आपल्या भिंतीआड आहे काय? तर पाण्याची टाकी. ती बघायला यंत्र कशाला, खिडकीतून वाक.

खूप दिवसांनी डोक्यात काहीतरी चमकलं. सोफ्यावरून उठलो आणि जाहीर केलं : धरण. दरवाजे, तलाव, डोंगर, वीजनिर्मिती, पायथ्याशी गाव. सगळं मी करीन, कुणी काळजी करू नये.

दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. मग मुंगी म्हणाली, बरं.

याला म्हणतात वडिलांवरचा विश्वास.

२ फेब्रुवारी, सोमवार. दुपारी १२.१०, ऑफिस

आठ महिन्यांपूर्वी आमचा नोंद विभाग कॉम्प्युटरात गेला. माणसं इकडेतिकडे गेली. मी कुठेच गेलो नाही. मला झेरॉक्स मशीनशेजारी एक टेबल मिळालं. येणाऱ्या परिपत्रकांवर 'पाहिले' लिहायचं. आधी दिवसाला दहा यायची, मग चार, आता आली तर आली. लोक विचारतात, कंटाळा येत नाही? नाही येत. कंटाळा यायलाही काहीतरी वाटावं लागतं. मला काही वाटत नाही. तब्येत उत्तम आहे.

परिपत्रकांच्या पाठीवर धरणाचे आराखडे काढले. एकूण सात. शिपाई डोकावून म्हणाला, साहेब, टेबल छान काढलंय. अडाणी.

३ फेब्रुवारी

संकल्प : रोज संध्याकाळी सहा ते आठ काम. टीव्ही बंद. सोफा बंद.

४ फेब्रुवारी

आज सुरुवात करणार होतो. टेप सापडला नाही.

५ फेब्रुवारी

टेप सापडला. कात्री सापडली नाही. कात्री मुंगीकडे होती. ती खोक्यांना खाचा पाडत बसली होती. म्हटलं, तुझा हा पोरखेळ होऊ दे आधी. माझ्यासारखा समजूतदार बाप मिळायला नशीब लागतं.

८ फेब्रुवारी, रविवार. सायंकाळी ५

आज धडाका. पायाला भक्कम फळी हवी होती. घरात एकच निघाली, इस्त्रीच्या टेबलाची. सौ. माहेरी गेल्याचं निमित्त साधून पाय उपटले आणि फळी घेतली. त्यावर थर्माकोलचे डोंगर. वर्तमानपत्र भिजवून, लगदा करून डोंगरांवर थापला. हॉलमध्ये चिखल झाला. मुंगीने पुसला.

सौ. संध्याकाळी आली. बराच वेळ फळीकडे बघत उभी राहिली. मला वाटलं आता तोंडाचा पट्टा सुटणार. पण ती म्हणाली, चहा टाकू का?

बायको समंजस होत चालली आहे. वय.

९ फेब्रुवारी, ऑफिस

बिनइस्त्रीच्या शर्टात आलो. कुणाच्या लक्षात आलं नाही. सोयीचं आहे.

१० फेब्रुवारी, मंगळवार

आज धरणाचा आत्मा. औषधाच्या दुकानातून बिनसुईच्या सिरिंज आणल्या. दोन सिरिंज, मध्ये पातळ नळी, आत पाणी. इकडची दाबली की तिकडची वर येते आणि धरणाचा दरवाजा उचलते. असे तीन दरवाजे. दुकानदाराने विचारलं, घरी कुणी आजारी आहे का? म्हटलं, नाही, धरण आहे. 

मुंगी बादली घेऊन आली. म्हणाली, नळ्या पाण्यात बुडवून भरू या, नाहीतर आत हवा राहते. मी म्हटलं, हवा काय खाते का पाणी? ती म्हणाली, नाही, पण हवा दबते. मी म्हटलं, अगं, मी तुझ्या वयाचा होतो तेव्हा... आणि मग आठवेना की मी तिच्या वयाचा होतो तेव्हा काय करत होतो. तोपर्यंत ती बादली घेऊन परत गेलीही होती.

११ फेब्रुवारी

सोफा. फक्त पाच मिनिटं. आठ वाजले.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार. सायंकाळी ७

तलावाचा प्रश्न. निळा कागद लावून पाहिला. तलाव कसला, वहीचं कव्हर वाटत होतं. पाण्याला चमक हवी. मुंगीच्या टेबलावर पेरिस्कोपचे दोन आरसे होते. नेमके मापाचे! देवच देतो म्हणतात ते हेच. तिला हाक मारून सांगितलं की मोठ्या कामासाठी लहान कामाने थोडं सरकायचं असतं. ती म्हणाली, चिकटवणार नाही ना? म्हटलं, छे, नुसते ठेवतो.

ठेवून पाहिले. डोंगरांचं प्रतिबिंब पडतं. अप्रतिम.

तिची खोकी रिकामीच आहेत. त्यात पेन्सिली ठेवता येतील.

१५ फेब्रुवारी, रविवार. दुपारी ३

सर्व काही कायमचं पक्कं केलं. दोन ट्यूब एकत्र कालवून लावायचा गोंद आणला. हार्डवेअरवाला म्हणाला, एकदा बसला की माणूस गेला तरी जोड सुटत नाही. मला असलंच काही हवं होतं. आजकाल सगळं सुटसुटीत करायची फॅशन आहे. आमचा विभागही सुटसुटीत केला.

डोंगर, दरवाजे, सिरिंज, नळ्यांचे सांधे, सगळ्याला गोंद. आरसेही. नुसते ठेवलेले हलत होते. थोडा गोंद उरला, तो गावातल्या घरांना लावला.

मुंगी दारात उभी होती. म्हटलं, बघ, आता भूकंप झाला तरी हलणार नाही. ती म्हणाली, बाबा, एकदा दाबून पाहिलं असतं आधी. मी म्हटलं, अडाणी लोक आधी पाहतात. ज्याचं प्लॅनिंग पक्कं तो आधी चिकटवतो.

ती गेली. आतून कपाट उघडल्याचा आवाज आला, मग बंद केल्याचा.

१७ फेब्रुवारी, मंगळवार. सायंकाळी ६.४०

चाचणी. सिरिंज दाबली. दरवाजा हलला नाही. जोरात दाबली. किंचित थरथरला आणि बसला. नळीत मधोमध बुडबुडा दिसतोय, साधारण हरभऱ्याएवढा. दाबलं की बारीक होतो, सोडलं की पुन्हा फुगतो. तीनही नळ्यांत तेच.

मुंगीने बोट दाखवलं. बोलली नाही, नुसतं दाखवलं. मी म्हटलं, गप्प बस. मग लक्षात आलं की ती गप्पच होती.

विचाराअंती निष्कर्ष : धरणाचे दरवाजे बंद असणं हेच खऱ्या धरणाला शोभतं. पाणी साठवणं हा मूळ हेतू.

वीजनिर्मितीचंही तसंच. कागदी पेल्यांचं चाक पाण्याने फिरतं, पण दिवा लागत नाही. तेव्हा प्रेक्षकांच्या सोयीसाठी डोंगराच्या पोटात एक सेल आणि बारकं बटण बसवलं. याला फसवणूक म्हणता येणार नाही. वीज ही वीजच.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

प्रेझेंटेशन लिहिलं. तीन पानं. 'सन्माननीय परीक्षकगण, जलसंपदा ही मानवाच्या प्रगतीची जननी असून' अशी सुरुवात. मुंगीला पाठ करायला दिलं. पाठांतर चोख. एकही चूक नाही. डोळे मात्र भिंतीवर, आवाज उद्घोषकासारखा. म्हटलं, भाव आण. तिने विचारलं, कुठला?  म्हटलं, राहू दे, असंच चांगलं आहे.

सौ. ने रात्रीच्या जेवणाच्या वेळी विचारलं, तुम्ही सूचना पूर्ण वाचली होती ना? म्हटलं, सही आहे माझी त्यावर.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

रजा टाकली. अर्ज साहेबांच्या टेबलावर ठेवला. साहेबांनी विचारलं, तुम्ही कुठल्या सेक्शनला?

धरण दारातून बाहेर जाईना. आडवं केलं, उभं केलं. शेवटी तिरकं केल्यावर गेलं, पण उजवा डोंगर चौकटीला घासून थोडा उतरला. जिन्यात शेजारी भेटले. म्हणाले, इस्त्रीचं टेबल नेताय दुरुस्तीला? लोकांची नजर खालीच जाते. टेम्पोत मुंगी मागे बसली, फळीवर दोन्ही हात ठेवून. तिला म्हटलं, धरायची गरज नाही, काही सुटणार नाही. तरी धरून बसली.

शाळेच्या हॉलमध्ये मांडलं. शेजारच्या टेबलावर पेल्यांचा टेलिफोन, पलीकडे पट्टी आणि रबराचा वजनकाटा. बिचारे. यांच्या घरात आईबाप लक्ष देत नसावेत.

२१ फेब्रुवारी, शनिवार. सकाळी ७.१५

आज निकाल. मन शांत आहे. मन गेले आठ महिने शांतच आहे, पण आज जास्त. सौ. ला ड्यूटी आहे, त्यामुळे मी एकटाच जाणार. पालकांना दोरीबाहेर थांबायचं आहे, पण टेबलामागे खांब आहे, तो मी काल हेरून ठेवलाय. मुंगी अडखळली तर तिथून प्रॉम्प्टिंग करता येईल.

२१ फेब्रुवारी. दुपारी ३.३०

जसं घडलं तसं लिहून ठेवतो.

परीक्षक म्हणून एक वयस्कर बाई आल्या. शाळेतल्याच कुणी निवृत्त विज्ञानशिक्षिका असाव्यात. हातात पॅड. मुंगी उभी राहिली, बुटांकडे बघितलं. मी खांबामागून सन्माननीय, सन्माननीय असं दोनदा सांगितलं. बाईंनी खांबाकडे पाहिलं, मग मुंगीला म्हणाल्या, बाळ, भाषण नको. नियमाप्रमाणे मॉडेल सुटं कर आणि परत जोडून दाखव. म्हणजे ज्याने केलंय त्याला येतं की नाही ते कळतं.

हा नियम सूचनेच्या मागच्या बाजूला होता म्हणे.

मुंगीने हात पुढे केला. एका नळीला धरलं, ओढलं. नळी ताणली गेली, सुटली नाही. डोंगर ओढला. आख्खी फळी टेबलासकट सरकली. पेल्यांच्या टेलिफोनवाली मुलं हसली. मी खांबामागे. पुढे जावं असं वाटत होतं, पाय हलेनात. गोंद त्यांनाही लावल्यासारखे.

मग मुंगी बोलली.

म्हणाली, हे मी केलेलं नाही, बाबांनी केलंय. मला फक्त पुसायचं काम होतं. बाई म्हणाल्या, असं होय. आणि पॅडवर लिहून पुढे निघाल्या. तर ही म्हणाली, पण हे का चालत नाही ते मी सांगू शकते.

बाई थांबल्या.

आणि ही पोरगी, जिच्या तोंडून घरात दिवसाला दहा वाक्यं निघत नाहीत, ती बोलत राहिली. नळीत हवा राहिली आहे. पाणी दबत नाही, हवा दबते. आपण दाबतो तो सगळा जोर हवा खाते, म्हणून दरवाजा उचलला जात नाही. हवा काढायला सांधे सोडवावे लागतील, पण सांधे चिकटवलेले आहेत, म्हणून आता ती कधीच निघणार नाही. दिवा लागतो तो पाण्यावर नाही, डोंगरात सेल आहे. हे बटण. तिने बटण दाबून दाखवलं, बंद केलं, पुन्हा दाबलं. बाईंनी विचारलं, आणि हा तलाव? ती म्हणाली, हे आरसे माझे आहेत. पेरिस्कोपसाठी आणले होते. तिथे ते तिरके लावतात, एक वर, एक खाली, आणि उजेड वरच्यावरून खालच्यावर येतो. इथे आडवे आहेत, त्यामुळे त्यात फक्त छत दिसतं. मग दोन्ही तळहात तिरके धरून तिने उजेड कसा वळतो ते दाखवलं.  आवाज दोरीपर्यंत ऐकू येत होता.

दोरीबाहेरच्या एका आईने टाळी वाजवली.

बाईंनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाल्या, तुला सगळं समजतंय. तुझा पेरिस्कोप असता तर आज मला दुसरीकडे बघावंच लागलं नसतं. पण जे टेबलावर नाही त्याला मी गुण कसे देऊ? मग पॅडवर काहीतरी लिहिलं आणि धरणावर एक चिठ्ठी लावली. 'पालकांचे काम. स्पर्धेबाहेर.'

पहिला नंबर पट्टी आणि रबराच्या काट्याला. तोच आता आंतरशालेय स्पर्धेला जाणार.

परतताना टेम्पो केला नाही. धरण शाळेतच ठेवलं. वर्गाच्या बाईंनी विचारलं, न्यायला कधी येताय?

२२ फेब्रुवारी, रविवार. सकाळी १०

एकंदरीत कार्यक्रम यशस्वी म्हणायला हरकत नाही. मुंगीने तोंड उघडावं हाच तर मूळ हेतू होता, आणि तिने उघडलं. कुणामुळे? बारकाईने पाहिलं तर माझ्यामुळे. मॉडेल चाललं असतं तर ती तीन पानं म्हणून खाली बसली असती.

तरी चारचौघांत बापाचं नाव घ्यायला नको होतं. खांब काही इतका रुंद नव्हता.

संकल्प : तिला माफ करायचं. उद्या सांगायचं.

२२ फेब्रुवारी. दुपारी

सौ. जमिनीवर चादर अंथरून तिच्यावर कपड्यांना इस्त्री करतेय.  

२३ फेब्रुवारी, सोमवार. सायंकाळी ६.५०

शाळा सुटल्यावर मुंगी हॉलमध्ये जाऊन आली. धरणातून आरसे निघतात का ते पाहत होती. शाळेच्या शिपायाने सुताराची पटाशी दिली. एक फुटला. दुसऱ्याचा कोपरा उडाला, पण बाकीचा शाबूत आहे. बोटाला पट्टी लावून आली.

मी तिला समोर बसवलं. म्हटलं, झालं गेलं मी विसरलो. फक्त एक सांग. नळीत हवा राहणार हे तुला आधीच ठाऊक होतं. सुटं करून जोडायचा नियम वाचला होतास का?

वाचला होता म्हणाली. सूचना आणली त्याच दिवशी. दोन्ही बाजू.

मग बोलली का नाहीस? माझा आवाज थोडा चढला असावा. सौ. आतून दारापर्यंत आली.

मुंगी पट्टीकडे बघत म्हणाली की आई म्हणाली होती, बाबांना करू दे. आठ महिन्यांत पहिल्यांदा ते आपणहून काही करतायत. आपण मधेच थांबवलं तर पुन्हा नाही करणार. म्हणून मग मी ठरवलं, यंदाचं प्रदर्शन तुमच्यासाठी.

मी म्हटलं, पण बाईंनी सांगितलं होतं ना, पुढच्या वर्षी टेबल नाही म्हणून. ती म्हणाली, हो, माहीत होतं. जणू यात अवघड काहीच नव्हतं, एखादा खाऊ धाकट्याला देऊन टाकावा तसं सांगत होती.

मला लाज वाटली. हे लिहून ठेवतो, कारण गेल्या आठ महिन्यांत दुसरं काहीच वाटलेलं नाही. कान तापले. रडू येतंय की काय असं झालं, पण आलं नाही. सौ. दारात तशीच उभी होती. तिच्याकडे बघवेना.

मग मुंगीने विचारलं, बाबा, मजा आली ना तुम्हाला?

आली म्हणालो. खोटं नव्हतं. खूप आली होती.

मग झालं तर, म्हणाली, आणि अभ्यासाला बसली.